नाला आधी, गळ नंतर: विदर्भातील लहान प्रवाहांची दुरुस्ती आणि माशीच्या गळाची मासेमारी

पिसांची खोटी माशी गळाला बांधून डोंगरी ओढ्यातील ट्राउट पकडणाऱ्यांची चित्रे आता मोबाइलवर सर्वांनीच पाहिलेली असतात, आणि आपल्या गावच्या नाल्यात असे काही करता येईल का, असा प्रश्न त्यामुळे पडतो. उत्तराचा पहिला भाग नकाराचा आहे. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. भारतात तो इंग्रजी अमदानीत आला, स्कॉटलंडहून आणलेली अंडी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये पोहोचली, आणि आज तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा उंच व थंड मुलखांतच टिकून आहे. पाण्याचे तापमान २० अंशांच्या वर गेले की त्याला जड जाऊ लागते आणि २५ अंशांच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. चंद्रपूर, अकोला किंवा वर्ध्याला मे महिन्यात हवेचा पाराच ४५ अंशांना टेकतो, तेव्हा ट्राउटची पिल्ले आणून सोडण्याचा बेत कोणी केला असेल तर तो इथेच सोडावा. परके मासे सोडण्याची हौस आपल्याला तशीही महागात पडलेली आहे. तिलापिया आणि बंदी असलेला थाई मांगूर एकदा पाण्यात शिरले की तेथून त्यांना काढणे जवळजवळ अशक्य होते.

उत्तराचा दुसरा भाग मात्र होकाराचा आहे. माशीच्या गळाची पद्धत वाहत्या पाण्यात किडे टिपून खाणाऱ्या कोणत्याही माशाला लागू पडते, आणि असे मासे विदर्भातील नाल्यांत आहेत. मल्या दगडाला चिकटून शेवाळ खरवडतो, मुरी गोट्यांच्या फटीत राहते, शिंगटा रात्री बाहेर पडतो. हे गळकऱ्याच्या फारसे कामाचे नाहीत, पण नाल्याची प्रकृती त्यांच्यावरून कळते. गळाला खरा रंग आणतात ते बाजूवर उभे निळसर पट्टे असलेले, वितीएवढे, चपळ झोऱ्या मासे आणि वरच्या थरात फिरणाऱ्या लहान रुपेरी माशांचे थवे. गावोगाव यांची नावे बदलतात, म्हणून आपल्या गावातील ढिवर किंवा भोई या मासेमार मंडळींना विचारून तीच नावे वापरावीत.

अडचण अशी, की ज्या नाल्यात हे मासे टिकून असावेत तोच नाला आज पुष्कळ ठिकाणी जागेवर नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ऑ सेबल नदीच्या काठी १९५९ साली गळकऱ्यांनीच ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था स्थापन केली, ती याच कारणाने: हौदात वाढवलेले मासे दर वर्षी आणून ओतण्यापेक्षा प्रवाहच असा राखावा की मासा आपोआप वाढेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे उपाय जसेच्या तसे येथे चालणार नाहीत, कारण त्यांची लढाई पाणी थंड ठेवण्याची आहे आणि आपली लढाई पाणी शिल्लक ठेवण्याची आहे. आपला नाला जून ते डिसेंबर-जानेवारी वाहतो आणि मग तुटत तुटत डोहांत उरतो. पुढच्या पावसाळ्यात वर-खाली पसरणारे सगळे मासे एप्रिल-मे महिन्यांत त्या चार-दोन डोहांत कोंडलेले असतात. म्हणून पुढील सर्व कामांचे मोजमाप एकाच गोष्टीने करावे: या कामामुळे मे अखेर डोहात पाणी राहील का?

मे महिन्यात नाला पायी पाहावा

कामाची सुरुवात पावसाळ्यात नव्हे, तर मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. नाल्याचा दोन-तीन किलोमीटरचा भाग पात्रातून चालत पाहावा आणि जेथे जेथे पाणी उरले आहे तो प्रत्येक डोह गाव नकाशावर गट क्रमांकासह टिपावा. डोहाची लांबी पावलांनी आणि खोली बांबूने मोजावी. साधा तापमापक दोरीला बांधून पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पृष्ठभागावर आणि तळाशी पाण्याचे तापमान घ्यावे. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. १० अंशांच्या पाण्यात तो एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ११.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साधारण साडेसातच. शिवाय रात्री शेवाळ आणि कुजणारा पाला प्राणवायू घेतच राहतात, त्यामुळे डोहातील मासे मरतात ते बहुधा भर दुपारी नव्हे, तर पहाटेच्या आधी. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडून हवा घेताना दिसले, तर तो डोह संकटात आहे असे समजावे.

याच फेरीत झिरेही पाहावेत. रेतीत हातभर उकरले की स्वच्छ पाणी येते ती जागा गावातील बायाबापड्यांना ठाऊक असते. तेथे जमिनीखालून पाणी नाल्याकडे येत असते आणि त्या जागेलगतचा डोह शेवटपर्यंत टिकतो. विदर्भाच्या पश्चिम भागात, म्हणजे बुलढाणा, अमरावती, यवतमाळकडे, खाली काळा खडक आहे आणि पाणी त्याच्या भेगांतून येते; भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे खडक वेगळा आहे, पाऊसही बुलढाण्याच्या सुमारे दीडपट ते दुप्पट पडतो आणि माजी मालगुजारी तलावांची (जुन्या जमीनदारांच्या काळातील तलावांची) पाझर-व्यवस्था नाल्यांना हात देते. म्हणून एका जिल्ह्यात यशस्वी झालेले काम दुसऱ्या जिल्ह्यात आंधळेपणाने करू नये.

डोह कोणत्या कारणाने आटतो ते शोधणे हे या फेरीचे मुख्य काम आहे. बहुतेक वेळा उत्तर काठावरच उभे असते: डोहात सोडलेला मोटारपंपाचा पाइप. वरुड, मोर्शी, काटोल या संत्र्याच्या पट्ट्यात आंबिया बहाराची फळे उन्हाळाभर झाडावर असतात आणि पाणी तोडले तर कास्तकाराचे वर्षाचे उत्पन्न जाते, हे लक्षात न घेता त्याला मासे वाचवा म्हणून सांगणे व्यर्थ आहे. ग्रामसभेत एक मर्यादा ठरवून घेणे हा त्यातल्या त्यात चालणारा मार्ग आहे. डोहातील एका पक्क्या खडकावर गुडघाभर पाण्याच्या पातळीला तेलरंगाने पट्टा मारावा आणि पाणी त्या पट्ट्यापर्यंत उतरले की त्या डोहातील सर्व मोटारी बंद, असा ठराव करावा. ढोरे, रानातील जनावरे आणि मासे यांचा वाटा म्हणून ही मर्यादा मांडली तर ती लवकर पटते, कारण पाण्यासाठी ढोरांची वणवण प्रत्येकाने पाहिलेली असते. सगळ्याच डोहांसाठी भांडत बसू नये. नाल्याच्या प्रत्येक किलोमीटरला एक खोल, झिऱ्यालगतचा डोह राखला तरी बीज टिकते.

काठ आणि सावली

राखलेल्या डोहाच्या दक्षिण आणि पश्चिम काठावर आधी झाडे लावावीत, कारण दुपारचे ऊन तिकडूनच येते. अर्जुन, जांभूळ, उंबर आणि करंज ही नाल्याकाठची जुनी झाडे आहेत. त्यांची मुळे काठ धरतात आणि झाडे पुरात वाकडी होऊनही उभी राहतात. अर्जुनाची रोपे जवळच्याच जुन्या झाडाच्या बियांपासून तयार करणे उत्तम. पाण्याच्या अगदी कडेला वाळा आणि लव्हाळा लावावा. काळ्या मातीचा काठ फुगून, भेगाळून पुरात धपाधप कोसळतो, त्याला वाळ्याची खोल मुळे जितकी आवरतात तितके दुसरे काही आवरत नाही. बेशरम नावाची वनस्पती मात्र लावू नये आणि असेल तर मुळासकट काढावी, कारण तिची एक फांदी चिखलात पडली तरी ती रुजते आणि काही वर्षांत अरुंद पात्र बुजवते. पहिली दोन वर्षे गुरांपासून राखण केली नाही तर ही लागवड कागदावरच राहील. सगळा काठ बंद करण्याऐवजी गुरांना पाण्यावर उतरण्यासाठी एक दगडी उतार ठरवून द्यावा आणि बाकी काठाला काटेरी झुडपांचे कुंपण करावे.

दगडाची कामे

नाला म्हटले की पोकलेन बोलवायचा, ही सवय आता गावागावांत लागली आहे. खोलीकरणाने काही ठिकाणी विहिरींना पाणी आले असेल, त्याबद्दल वाद नाही. पण एका सरळ, सपाट तळाच्या चरात रूपांतर झालेल्या नाल्यात मासा राहू शकत नाही. त्याला उथळ, खळाळता, गोट्यांचा भाग हवा असतो, कारण तेथे प्राणवायू मिसळतो, किडे वाढतात आणि अंडी चिकटतात. आणि त्याच्यालगत खोल, संथ डोह हवा असतो. नैसर्गिक नाल्यात हे दोन्ही आलटून पालटून येतात, आणि एका डोहापासून पुढच्या डोहाचे अंतर सामान्यतः पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट भरते. नाला तीन मीटर रुंद असेल तर पंधरा ते वीस मीटरला एक डोह असावा. यंत्राने सरळ केलेला भाग हाताने दुरुस्त करताना हेच अंतर धरावे.

दुरुस्तीचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे दगडांची ठेंगणी, कोनाकृती ओळ. तिचे टोक उगमाकडे असावे आणि दोन्ही हात खालच्या दिशेने काठांकडे जावेत. पाणी कोणत्याही ओळीवरून तिला काटकोन करून उतरते, त्यामुळे अशा कोनाचे दोन्ही हात पाणी मध्यभागी फेकतात, मधला तळ खरवडला जाऊन तेथे डोह तयार होतो आणि काठ वाचतात. टोक चुकून खालच्या दिशेला ठेवले तर हेच पाणी दोन्ही काठांवर आदळते आणि पहिल्याच पुरात शेजारच्या वावराचा धुरा (बांध) वाहून जातो, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी चुन्याने ओळ आखून दोघातिघांनी ती तपासावी.

बांधताना आधी तळात हातभर खोल चर खणून त्यात मोठे पायाचे दगड बसवावेत आणि वरचे दगड त्यांच्यावर, किंचित मागे, उगमाच्या बाजूला रेलून ठेवावेत, म्हणजे पूर त्यांना ढकलण्याऐवजी घट्ट करतो. ओळीचे दोन्ही शेवट काठात निदान मीटरभर आत घुसवावेत. मध्यावर ओळ सर्वांत ठेंगणी असावी आणि काठाकडे हळूहळू चढत जावी. मध्याची उंची तळापासून वितीपेक्षा जास्त नको, कारण झोऱ्या आणि मुरी यांना तेथून चढून जायचे असते. सिमेंट वापरू नये. दगड नाल्यातून उचलू नयेत, तर शेतातून वेचून धुऱ्यावर टाकलेले घ्यावेत. नाल्यातील दगड हलवणे म्हणजे एका जागेचे घर मोडून दुसरीकडे बांधणे होय. रेतीचा उपसा होत असेल तर तो थांबेपर्यंत ही ओळ बांधूच नये, कारण खालचा तळ उतरला की वरची ओळ ढासळते.

आधीच बांधलेले सिमेंट नाला बांध हा वेगळा प्रश्न आहे. जून-जुलैच्या पहिल्या पुरांत मासे अंडी घालण्यासाठी उगमाकडे चढतात आणि मीटरभर उंचीच्या उभ्या भिंतीखाली अडकतात. तेथे जाळी लावून त्यांना उचलणे सोपे असते, त्यामुळे प्रजननाचा सगळा हंगामच पोत्यांत भरला जातो. अशा भिंतीच्या खालच्या अंगाला दगडांचा लांब, खडबडीत उतार रचता येतो. भिंत एक मीटर उंच असेल तर उताराची लांबी निदान वीस मीटर हवी आणि मध्ये मध्ये मोठे दगड उभे ठेवावेत, म्हणजे चढणाऱ्या माशाला त्यांच्या आडोशाला विसावा मिळतो. या कामाला जलसंधारण खात्याची परवानगी आणि अभियंत्याची नजर दोन्ही लागतात. ते गावाने आपल्या मनाने करू नये. वनराई बंधाऱ्याचे तसे नाही. पावसाळा संपल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-रेती भरून घातलेला हा बंधारा डोहाचे पाणी वाढवतो, फक्त त्याच्या एका बाजूने थोडे पाणी सतत वाहू द्यावे आणि मे अखेरीस पोती काढून घ्यावीत, म्हणजे चढणीचा रस्ता मोकळा राहील आणि प्लास्टिक नदीत जाणार नाही.

फवारणीबद्दल एवढेच सांगणे पुरेसे आहे, की पऱ्हाटीवर (कपाशीवर) मारले जाणारे सायपरमेथ्रीनसारखे कीटकनाशक मासे आणि पाण्यातील किडे या दोघांनाही अत्यल्प प्रमाणातसुद्धा मारून टाकते. फवारणी पंप नाल्यात धुऊ नये आणि औषधाचे रिकामे डबे काठावर टाकू नयेत. ही शिस्त पाळली गेली नाही तर वरील सर्व दगड व्यर्थ आहेत.

काम लागू पडले का, हे दगड उलटून पाहावे

ऑक्टोबरमध्ये पाणी निवळल्यावर खळाळत्या भागातील मूठभर मोठे दगड उचलून उलटे करावेत आणि त्यांना चिकटलेले जीव पांढऱ्या थाळीत धुऊन घ्यावेत. तीन केसांसारख्या शेपट्यांच्या चपट्या अळ्या आणि रेतीच्या कणांची नळी विणून तिच्यात राहणाऱ्या अळ्या भरपूर दिसल्या तर पाणी चांगले आहे. फक्त लाल, गांडुळासारख्या अळ्या असतील तर वरच्या अंगाने सांडपाणी येत आहे. थाळी पाहून दगड होते तसेच परत ठेवावेत. ही पाहणी गळकऱ्याला दुहेरी उपयोगाची आहे, कारण मासा काय खातो ते त्याच थाळीत दिसते आणि खोटी माशी त्याच मापाची, त्याच रंगाची बांधायची असते.

गळ टाकण्याआधी मात्र पाण्यावर हक्क कोणाचा ते पाहावे. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा यांच्या संरक्षित क्षेत्रांत मासेमारीला मनाई आहे. वनहक्क कायदा, २००६ खाली ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत तेथे पाण्यातील माशांचा हक्कही त्यांत येतो, म्हणून तेथे ग्रामसभेला विचारावे. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल तर संस्थेला विचारावे. ढिवर कुटुंबाचे पोट या पाण्यावर आहे आणि आपली हौस, हा क्रम विसरू नये. विष किंवा स्फोटके टाकून मासे मारणे १८९७ च्या मत्स्यपालन कायद्यापासूनच गुन्हा आहे. तसे कोठे होत असेल तर ते ग्रामसभेत मांडावे.

काठी, माशी आणि फेक

विलायती चाकाची काठी घेण्याची गरज नाही. आपल्या नाल्याची रुंदी पाहता दहा-बारा फुटांचा, वाळलेला, शेंड्याला लवणारा बांबू पुरे. शेंड्याला काठीएवढ्याच लांबीचा जाडसर, पीळदार दोरा बांधावा आणि त्याच्या टोकाला तीन फूट बारीक तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा). या पद्धतीत माशीला स्वतःचे वजन नसते. दोऱ्याच्या वजनाने ती पुढे जाते, म्हणून दोरा जाड आणि तंगूस बारीक असावी लागते. गळ दुकानात मिळणारा सर्वांत लहान घ्यावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे मासा इजा न होता सुटतो. गळाच्या दांडीवर काळा किंवा तपकिरी दोरा गुंडाळून, गळाच्या डोळ्याजवळ (दोरा ओवायच्या छिद्राजवळ) घरच्या कोंबड्याच्या मानेचे एक लहान पीस तीन वेढे देऊन बांधले की माशी तयार होते. वाळवीचे पंखवाले किडे पाण्यावर पडत असतील, तेव्हा तपकिरी पीस विशेष चालते. रानपक्ष्यांची पिसे वापरू नयेत. ती बाळगणे कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते आणि कोंबड्याचे पीस त्यांच्यापेक्षा निकृष्ट नाही.

मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून आपण त्याच्या खालच्या अंगाला, मागे राहावे आणि वरच्या दिशेने फेक करावी. सावली पाण्यावर पडू देऊ नये. चित्रांतल्या गळकऱ्यासारखे पाण्यात ताठ न उभे राहता काठाच्या झुडपाआड बसून फेकलेले बरे. काठी खांद्यापर्यंत मागे नेऊन थांबावे, दोरा मागे पसरेपर्यंत एक क्षण जाऊ द्यावा, आणि मग मनगटाने पुढे आणून पुन्हा थांबावे. बहुतेकांची फेक फसते ती मागचा क्षण न थांबल्यामुळे. माशी टाकायची ती वेगवान पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासते त्या रेषेवर, विशेषतः डोहाच्या तोंडाशी: मासा संथ बाजूला शक्ती वाचवून उभा असतो आणि वेगवान बाजूने वाहत येणारे खाद्य टिपतो. माशी पाण्याच्या वेगानेच वाहावी, दोऱ्याने ती ओढली जाता कामा नये. वाहत्या दोऱ्याने एकदम दिशा बदलली की मनगट हलकेच उचलावे. हिसका दिला तर लहान माशाचे तोंड फाटते.

पकडलेला मासा मोजायचा असेल तर पाण्यातच ठेवून, हात ओले करून धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि त्याला बुरशी लागते. खाण्यासाठी ठेवायचाच असेल तर दोन-तीन ठेवावेत, पोट फुगलेली मादी ठेवू नये आणि खडस म्हणजे महाशीराचे पिल्लू सापडले तर ते निश्चितपणे सोडावे.

गळाचा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी एवढाच धरावा. प्रवाह तुटल्यावर, म्हणजे फेब्रुवारीपासून, डोहात गळ टाकू नये, कारण त्या माशांना पळायला जागा नसते. जून ते ऑगस्ट हा चढणीचा आणि अंड्यांचा काळही सोडावा. सप्टेंबरमध्ये पाणी गढूळ असते, तेव्हा काठी घरी ठेवून दगडांच्या ओळी पुरातून कशा निघाल्या ते पाहावे आणि सरकलेले दगड परत बसवावेत. याच सुमारास मरळीची जोडी संथ, गवताळ कडेला लालसर पिल्लांचा थवा राखताना दिसते. थवा पाण्याच्या पृष्ठभागावर उकळल्यासारखा हलतो आणि आईबाप त्याच्या खाली असतात. एका गळाने त्यांतला एक काढला तर सगळी पिल्ले शिंगट्यांच्या तोंडी जातात, म्हणून पिल्ले पांगेपर्यंत त्या डोहावर कोणीही गळ किंवा जाळे टाकू नये, असे गुराख्यांना आणि पोरांनाही सांगून ठेवावे.